मावशींचा विळा परत करा

प्रति,
शहरातल्या मोकळ्या जागांचा कारभार पाहणारे मा. अधिकारी महोदय,
नागपूर.

सप्रेम नमस्कार.

आपल्या कार्यालयाचं नाव या पत्रात मुद्दाम घातलेलं नाही. नाव घातलं की लोक बाजू घेतात, कार्यालय खुलासा काढतं आणि मूळ गोष्ट राहून जाते. मूळ गोष्ट गवताची आहे. शिवाय मोकळी जागा सांभाळणारं आपलं एकच खातं या शहरात नाही आणि अशा जागेच्या कडेला राहणारी आमची एकच वस्तीही नाही. सगळ्यांनी वाचावं म्हणून पत्र उघडं ठेवतो आहे.

तान्ह्या पोळ्याची सकाळ होती. अर्धं नागपूर मारबत (रोगराई, संकटं घेऊन जावी म्हणून मिरवून जाळतात तो पुतळा) बघायला इतवारी-महालाकडे निघालं होतं, पोरं लाकडी बैलांना बेगड चिकटवत बसली होती, आणि आमच्या वस्तीमागच्या रानात आपल्या कंत्राटदाराची दहा-बारा माणसं खांद्याला ब्रश कटर, म्हणजे गवत कापायची मशीन, अडकवून उतरली. कागदावर ते रान तेवीस एकर आहे. रस्ता, मोबाइलचा टॉवर आणि अतिक्रमणं वजा केली तर पंधरा उरलं असेल. त्यात कमरेइतकं गवत उभं होतं, नुकतं पोटरीतून निसवायला, म्हणजे तुरा बाहेर काढायला लागलेलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे काळी माती आणि हिरवा लगदा एवढंच शिल्लक होतं. माणसांचा दोष नाही. ती सांगितलेलं काम करत होती, तोंडाला फडकं आणि कानात कापूस घालून. मी त्यांना माठातलं पाणी नेऊन दिलं.

पहिल्याच दिवशी दुपारी मावशींचा विळा जप्त झाला. मावशी आमच्या वस्तीतल्या, साठीच्या घरातल्या. घरी दोन गाई आणि एक म्हैस. मशीन पोचायच्या आत जेवढं हाती लागेल तेवढं गवत वाचवावं म्हणून त्या कडेकडेनं कापत होत्या. आपल्या निरीक्षकांनी त्यांना फलक दाखवला : 'विनापरवाना गवत कापण्यास सक्त मनाई.' मावशी म्हणाल्या, "मी काय सोनं चोरून राहिले का जी? तुमी तं तेच फेकूनच देऊन राहिले." विळा गाडीत टाकला गेला. बाभळीची मूठ, तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळलेली, पातं पाजवून पाजवून मूळच्या निम्मं राहिलेलं. पंचनामा नाही, पावती नाही. तो परवाना कुठे मिळतो हे विचारायला मी आपल्याकडे तीन टेबलं फिरलो. एका टेबलावर सांगितलं की असा परवानाच नसतो. दुसऱ्यावर 'अर्ज टाकून ठेवा' असं उत्तर मिळालं. तिसरे साहेब जेवायला गेले होते.

आता मी कोण ते सांगतो. मी रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालो. माझी आई गवत विकायची. हे शहर तेव्हा टांग्यांचं होतं. आई पहाटे रानात जायची, सूर्य वर यायच्या आत दोन भारे बांधायची, चुंबळीवर एक घ्यायची आणि दुसरा माझ्या मोठ्या भावाच्या डोक्यावर. टांगेवाले भारा उचलून बघायचे, वास घ्यायचे, मध्ये हात घालून ओल तपासायचे. गवत किती दिवसांचं, कुठल्या रानातलं, हे त्यांना वासावरून कळायचं. पावसाळा सरला की तीच आई गवत वाळवून ठेवायची, आणि मार्च-एप्रिलमध्ये जे मिळायचं त्यावर आमच्या वह्या-पुस्तकं यायची. मी ज्या पगारावर घर बांधलं त्या पगाराच्या मुळाशी गवत आहे. म्हणून गवताला कोणी कचरा म्हटलं की मला राग येतो. आपल्या कार्यादेशात तोच शब्द आहे : 'गवत व इतर कचरा काढणे.'

तो कचरा काय होता ते नावानिशी सांगतो. आमच्या रानात वरच्या मुरमाड अंगाला शेडा आणि पवन्या होता, खालच्या काळ्या मातीत मारवेल, आणि जिथे ढोरं फार फिरतात तिथे कुसळी. १९७३ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने देशातल्या गवतांची पाहणी छापली. तिने देशात गवताचे पाच मोठे प्रकार मानले आणि दख्खनच्या पठारापासून मध्य भारतापर्यंतच्या आपल्या पट्ट्याला सेहिमा-डायकँथियम असं नाव दिलं. सेहिमा म्हणजे आमचा शेडा, डायकँथियम म्हणजे मारवेल. चारा आणि कुरणं यांवर संशोधन करायला झाशीला १९६२ पासून एक राष्ट्रीय संस्था आहे. ज्या गवताचा लोक तिथे आयुष्यभर अभ्यास करतात, ते आपण एका कार्यादेशात 'इतर कचऱ्या'शेजारी बसवलं.

आता तक्रारी.

पहिली तक्रार वेळेची आहे, आणि माझ्या मते बाकीच्या निम्म्या तिच्यातूनच निघतात. गवत हे पीक आहे आणि त्याला काढणीचा दिवस असतो. पोटरीत असताना कापलं तर त्यात नुसतं पाणी, वाळून हातात काही उरत नाही. पूर्ण बी धरल्यावर कापलं तर काडी लाकडासारखी होते, सत्त्व निघून गेलेलं असतं. मधला फुलोऱ्याचा जो पंधरवडा असतो तो खरा. कुसळीचं तर गणित आणखी कडक. एकदा कुसळं टणकली की ती जनावराच्या तोंडात रुततात, माणसाच्या पायजम्यात शिरतात, आणि तेच गवत नकोसं होतं. आपल्याकडे हा पंधरवडा साधारण पाऊस परतायच्या सुमाराला येतो. वर ऑक्टोबरचं कडक ऊन असतंच. ज्या उन्हाला आपण सगळे शिव्या घालतो ते गवत वाळवायला देवानं धाडल्यासारखं असतं. आपली मशीन आली भाद्रपद लागता लागता. आणखी महिनाभर थांबला असतात तर त्या रानानं वस्तीतल्या सगळ्या गोठ्यांना उन्हाळ्यापर्यंत पोसलं असतं.

दुसरी तक्रार कापण्याच्या तऱ्हेची. फिटर माणूस आहे, यंत्राचा मला द्वेष नाही. पण ब्रश कटरची नायलॉनची दोरी गवत कापत नाही, ती ते झोडपते. काडीचे दोन-दोन इंचांचे तुकडे होतात, त्यांची पेंडी बांधता येत नाही. त्यात कुरकुऱ्यांची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या चिंधड्या होऊन मिसळतात. वर दोरी झिजते ती कुठे जाते? त्याच मातीत. असा लगदा जनावरापुढे टाकला तर ते एक तर खाणार नाही, किंवा खाईल आणि पोटात प्लास्टिक घेईल. आणि ऑपरेटरला 'एकदम साफ' करायचं असतं, म्हणून तो जमिनीला घासून फिरवतो. शेडा आणि मारवेल बहुवर्षायू, दरवर्षी त्याच ठोंबातून फुटणारे. ठोंब तीन-चार बोटं राखून कापला तर वर्षानुवर्षं टिकतो. मुळापर्यंत सोलला तर दोन-तीन पावसाळ्यांत मरतो.

आणि तिथे काय येतं? गाजरगवत. १९५५-५६ च्या सुमाराला पुण्यात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं, आणि आज उघडी पडलेली कुठलीही जमीन दाखवा, ते तिथे आधी पोचलेलं असतं. एक झाड हजारोंनी बी टाकतं. अंगाला खाज, डोळ्यांना पाणी, काहींना दमा. दाट गवतात त्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही. आपण ती जागा दर पावसाळ्यात स्वखर्चानं मोकळी करून देता. यंदा मारबतीपुढे पोरं नेहमीसारखी ओरडत होती, "घेऊन जा गे मारबत!" महागाई, खड्डे, डेंग्यू, सगळं तिच्या गळ्यात बांधलं. पुढच्या वर्षी आमची वस्ती गाजरगवत बांधणार आहे.

तिसरी तक्रार पाखरांची, ती थोडक्यात. श्रावण-भाद्रपदात त्या गवतात वटवट्या घरटं करतो, लावा जमिनीवर अंडी घालतो, आणि सुगरण घरट्यासाठी गवताच्या पात्याची लांब दोरी सोलून नेते. हातानं कापणारा माणूस मूठ धरतो तेव्हा त्याला खाली काय आहे ते दिसतं. माझी आई अंडी दिसली की तेवढा झुबका सोडून पुढे सरकायची. रानात असे झुबके बेटांसारखे उभे राहायचे. मशीनवाल्याला जाळीच्या चष्म्यातून काय दिसणार?

चौथी तक्रार त्या लगद्याचं पुढे काय झालं याची. तीन ढीग झाले. एक ट्रॅक्टरमधून गेला. दोन जागेवर राहिले, आतून तापले, कुजले, आठ दिवस वस्तीत आंबूस वास होता. मागच्या वर्षीचे ढीग वाळल्यावर पेटवले होते. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली. साध्या माणसाला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्याला पंचवीस हजार दंड. मावशींच्या विळ्याला जो नियम लावला त्याचा आकडा मला सापडला नाही. या नियमाचा सापडला.

पाचवी, खड्डे. राज्यानं २०१६ ते २०१९ मध्ये दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि शेवटी तेहतीस कोटी झाडांची उद्दिष्टं धरली. त्या काळात आमच्याही रानात ओळीनं खड्डे झाले. रोपं मेली, खड्डे राहिले, त्यांत पाणी साचतं. जिथे मुरमावर वीतभर माती आहे तिथे गवतच शोभतं. विदर्भात अशा जमिनींना पिढ्यान्‌पिढ्या नाव होतं, झुडपी जंगल. ढोरांच्या चराईला, गावाच्या निस्ताराला, म्हणजे जळण-चाऱ्यासारख्या रोजच्या गरजांना, राखून ठेवलेली जमीन. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ च्या निकालात विदर्भातली ही झुडपी जंगलं कायद्यानं वनच असल्याचं म्हटलं. आमच्या वस्तीमागचा तुकडा त्यात येतो की नाही हे आपल्या दप्तरात असेल. शहरानं गिळलेल्या जुन्या गावाची निस्तारपत्रकं काढून बघावीत, एवढीच विनंती.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण 'मशीन नको तर काय, दोनशे बाया उकिडव्या बसवायच्या?' असा प्रश्न मला आपल्याच कार्यालयात विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. आईची कंबर चाळिशीत गेली होती.

माझा भाचा व्हिएन्नाजवळ नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानं बॅगेतून एक पातं आणलं, कपड्यांत गुंडाळून. हातभर लांब, चंद्रकोरीसारखं वाकलेलं, आणि इतकं पातळ की नखानं दाबलं तर धार लवते. हा तिकडचा लांब दांड्याचा विळा. उभ्यानं वापरायचा, दोन मुठींना धरून, कमरेपासून वळत. आपल्याकडे तो कधी आला नाही. आपलं गवत, आपली जमीन, आपली शेतं वेगळी, आपला विळा त्यांना बरोबर होता. मी त्याला बुरडाकडून पक्क्या वेळूचा दांडा घेतला, बाभळीच्या दोन मुठी ठोकल्या, आणि पहिल्या दिवशी टोक जमिनीत रोवून स्वतःच कोलमडलो. पोरं म्हणाली, "काका, हे हॉकी आहे का?" आठवडाभरानं कळलं की उचलायचंच नाही. पात्याची पाठ जमिनीला टेकवून ठेवायची आणि नुसतं अर्धगोल सरकवायचं. गवत चिरत जातं आणि डाव्या हाताला आपोआप ओळ पडते. आवाज कागद कापल्यासारखा. दव असताना सगळ्यात सोपं जातं. ऊन चढलं की काडी ताठरते.

त्याची धार लोहार भट्टीत तापवून काढतो तशी काढत नाहीत. थंड पातं छोट्या ऐरणीवर हातोडीनं हलकं ठोकत ठोकत कड पातळ करतात. जर्मन बोलणारे या कामाला 'डेंगेल्न' म्हणतात. माझी ऐरण म्हणजे रुळाचा एक वीतभर तुकडा (भंगारात रीतसर विकत घेतलेला, पावती आहे). मग रानात दर पाच-दहा मिनिटांनी ओल्या दगडानं दोन हात मारायचे. इथे मावशी माझ्या पुढे गेल्या. दगड पात्यावरून फिरताना धार लागली की नाही हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळतं. मी अजून अंगठा लावून बघतो. त्यांनी तासभर चालवलं, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे ठीक आहे जी, बसा लागत नाही. पण दगडाले काय कराल?" खरं आहे. वरच्या मुरमावर आणि जिथे रात्रीच्या बैठकांतल्या बाटल्या फुटलेल्या असतात तिथे हे पातं चालत नाही, दहा मिनिटांत दाते पडतात. तिथे आपला विळाच. पण खालच्या मारवेलच्या पट्ट्यात एका सकाळी मी एकट्यानं जेवढं कापलं तेवढं बसून कापायला तिघी लागल्या असत्या. पेट्रोल शून्य. एका कानानं गवत ऐकू येत होतं आणि दुसऱ्यानं मशिदीतली अजान.

युरोपात सगळं गोड आहे असा माझा समज नाही. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकापासून फुलांनी भरलेली ९७ टक्के गवती कुरणं गेली. बहुतेक नांगराखाली आणि खतांखाली. पण जिथे राहिली तिथे लोकांना त्यांची किंमत कळली. रोमेनियात ट्रान्सिल्वेनियाच्या डोंगरांत हातानं कापायची कुरणं अजून आहेत. बोस्नियातल्या कुप्रेसला दर जुलैत गवतकापणीची स्पर्धा लागते, आणि युनेस्कोनं २०२० मध्ये ती अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. तिकडे गवत कापणारा वारसा जपतो. आमच्याकडे त्याचा विळा जप्त होतो.

कापण्याइतकंच वाळवणं महत्त्वाचं, आणि ते आपल्या कार्यादेशात कुठेच नाही. सकाळी कापलेलं पसरून ठेवायचं, दुपारी उलथायचं, संध्याकाळी ओळीत ओढून घ्यायचं म्हणजे रात्रीचं दव वरच्या थरावरच राहतं. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवस पुरतात. मूठभर घेऊन पीळ द्यायचा. गाठीत ओल लागली तर अजून एक दिवस. ओलं रचलं तर गंजी आतून तापते, बुरशी धरते, कधी पेटतेही. नीट वाळलेल्या गवताच्या पेंड्या गवताच्याच पिळानं बांधायच्या, खाली दगड-काटक्यांचा थर, वर उतरता माथा. माझ्या अंगणात मागच्या कार्तिकात रचलेली लहानशी गंजी मे महिन्यात उघडली तेव्हा आत गवत हिरवट होतं. मावशींच्या म्हशीनं मान वर केली नाही.

हे मे महिन्यातलं गवत कोणाला हवं, असं विचाराल तर गोठ्यात जाऊन बघा. पूर्वी विदर्भात ज्वारी होती, तिचा कडबा होता. ज्वारी गेली, सोयाबीन आलं. सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, ढोरं खातात, पण त्याला कडब्याची सर नाही. ढेप, म्हणजे पेंड, महाग. म्हणून शहराच्या कडेची गाय कचराकुंडीत तोंड घालते, आणि आपण तिच्या मालकाला दंड करता.

आपल्या बाजूनं दिली जाणारी कारणं मी ऐकली आहेत. साप, आग, डास. सापाचं खरं आहे, आमच्याकडे घोणस निघते. म्हणून घरांच्या आणि पायवाटांच्या लगत दहा फुटांचा पट्टा वर्षभर कापलेला ठेवा, मशीननं ठेवा, माझी हरकत नाही. आग लागते ती उभ्या वाळक्या गवताला, फेब्रुवारीनंतर. आश्विनात कापून घरी नेलेलं गवत होळीला रानात नसतंच. डेंग्यूचा डास गवतात नाही, साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्यासाठी वर लिहिलेले खड्डे बुजवा. पाण्यावरून आठवलं, २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट या शहरात कोणी विसरलेलं नाही. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरात शिरली. गवतानं ते सगळं थांबवलं असतं असं मी म्हणणार नाही. पण गवताखालची जमीन पाणी पिते आणि सोललेली जमीन गाळ सोडते, हे बघायला अभियंता लागत नाही. पावसात आमच्या नालीवर उभं राहा.

मावशी गोवारी समाजाच्या आहेत. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनाच्या वेळी याच शहरात चेंगराचेंगरीत ११४ गोवारी गेले. पिढ्यान्‌पिढ्या लोकांची ढोरं चारणारी माणसं. वर्धा रोडवरच्या सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आपण त्यांचं नाव दिलं, झिरो माइलजवळ स्मारक उभारलं. त्या पुलावरून मीही जातो. पण ज्यांची नावं पुलाला देतो त्यांच्या लेकी-सुनांना गवताची मूठ कापू द्यायला परवाना लागावा, आणि तो परवाना अस्तित्वातच नसावा, हे मला गिळवत नाही. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. फलक लावायचाच असेल तर तो लावा.

मागण्या अशा.

जून ते सप्टेंबर, घरांलगतचा तो दहा फुटांचा पट्टा सोडून, गवताळ जागांवर मशीन नको. कापणी पाऊस परतल्यावर, फुलोरा बघून. तारीख कंत्राटदारानं नाही, रान बघणाऱ्या माणसानं ठरवावी.

दरवर्षी चौथा हिस्सा न कापता उभा सोडा, बी पडायला आणि पाखरांना, आणि तो हिस्सा पाळीपाळीनं बदला.

गवत कापणाऱ्यांना लेखी परवाना द्या. फुकट द्या, किंवा नावापुरतं शुल्क घ्या, पण अर्ज कोणत्या टेबलावर घ्यायचा ते फलकावर लिहा. आजूबाजूच्या वस्तीतल्या, ढोरं असलेल्या बायांना आधी. कापलेलं गवत त्यांचं. आज आपण ते उचलायला पैसे देता, त्या उलट ते फुकट उचललं जाईल.

काहीही जाळू नये. उरलेलं कुजवून खत करावं, जागेवरच.

गवतात झाडांचे खड्डे नकोत. झाडं रस्त्याला लावा, शाळेत लावा, आमच्या नालीच्या काठाला लावा. तिथे सावली नाही.

आणि एक तुकडा, पाचेक एकर, एक वर्षासाठी आम्हाला करून दाखवू द्या. अर्धा आपल्या विळ्यानं, जिथे जमीन सपाट आहे तिथे अर्धा लांब दांड्यानं. वर्षाअखेरीला आपलं मशीनचं, पेट्रोलचं आणि ट्रॅक्टरचं बिल एका बाजूला ठेवू आणि आमचा हिशेब दुसऱ्या बाजूला. आमचा जास्त निघाला तर मी हे पत्र मागे घेईन, तेही उघड्यावर. लहानशी अट एकच : हा प्रयोग आपल्या फायलीत 'योजना' होऊ नये. योजना झाली की उद्घाटन येतं, मंडप येतो, आणि मंडपाचे खांब नेमके मारवेलात रोवतात.

मी रोज सकाळी सहाला रानात असतो. उत्तर कागदावर द्यायचं नसेल तर तिथे या. जुने बूट घालून या, कुसळं लागतात.

आपला,
आमच्या वस्तीतला एक निवृत्त फिटर

ता. क. : दसऱ्याला आमच्याकडे घरातलं लोखंड धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडतात. मावशींच्या पाटावर यंदा फक्त पावशी आणि कुऱ्हाड असेल. विळा आपल्या निरीक्षकांच्या गाडीत मागच्या सीटखाली होता, मी काचेतून पाहिला. मुठीवर सायकलची ट्यूब आहे, ओळखू येईल. माणूस पाठवायची गरज नाही, निरोप द्या, मी येऊन घेऊन जाईन. पाजवूनही मीच देईन.